डागांवरचं सीरम काढायचंय: कुठला अ‍ॅक्टिव्ह (मुख्य काम करणारा घटक) घेऊ, आणि तो बाटलीत टिकेल का?

साबणवाली_धायरी

नमस्कार मंडळी. साबण आणि बॉडी बटरचा माझा छोटा व्यवसाय आहे. भीमथडी जत्रेत स्टॉल असतो, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. माल मी लायसन्सवाल्या एका युनिटकडून करून घेते. येणारी प्रत्येक दुसरी बाई विचारते, "ताई, डागांवर काही आहे का?" म्हणून दिवाळीच्या आत एक फेस सीरम काढायचं डोक्यात आहे.

युनिटवाल्यांनी सुचवलेला फॉर्म्युला असा: व्हिटॅमिन सी २० टक्के, नायसिनमाइड १०, कोजिक अ‍ॅसिड २, अल्फा आर्ब्युटिन २, ग्लायकोलिक ५, आणि ज्येष्ठमधाचा अर्क "लेबलपुरता". पारदर्शक काचेची ड्रॉपर बाटली. सॅम्पल आलं तेव्हा पाण्यासारखं स्वच्छ होतं. खिडकीत ठेवलं तर आता कोऱ्या चहासारखं दिसतंय. त्यांचं उत्तर: "व्हिटॅमिन सी म्हटलं की रंग बदलणारच, गिऱ्हाइकाला फ्रीजमध्ये ठेवायला सांगा."

यातलं काय ठेवू आणि काय काढू? मी कॉमर्सची, केमिस्ट्रीची नाही. पण पीएच मीटर घरी आहे आणि तो वापरता येतो.

उगाचच

बेसन, हळद, साय. धागा बंद करा.

भोसरीकर_फॉर्म्युलेटर

ताई, तुमच्या युनिटवाल्यांनी यादी केलीय, फॉर्म्युला नाही केला. या सहा जणांना एका बाटलीत कोंडलं तर त्यातला एकही धड काम करणार नाही.

भांडण पीएचवरून आहे. शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो. नायसिनमाइडला ५ ते ७ मानवतो. त्याला ग्लायकोलिकच्या आंबट पाण्यात महिनोन्महिने ठेवलं, वर उन्हाळा लागला, की त्यातला काही भाग हळूहळू फुटून निकोटिनिक अ‍ॅसिड होतो. ते चेहऱ्यावर लागलं की लाली आणि चरचर. गिऱ्हाईक म्हणणार "अ‍ॅलर्जी आली", तुम्ही म्हणणार "नायसिनमाइड तर सगळ्यांना चालतं". दोघंही आपापल्या जागी बरोबर.

अल्फा आर्ब्युटिन त्या मानाने शांत स्वभावाचं. पीएच पाचच्या आसपास आणि ४० अंशांच्या खाली टाकलं तर त्रास देत नाही. पण ते म्हणजे हायड्रोक्विनोनला (रंग उतरवणारं औषध) जोडलेली साखर. कडक आम्लात आणि उष्णतेत ती साखर सुटते आणि जे नको तेच मोकळं होतं. ग्लायकोलिक ५ टक्क्यांसोबत मी ते कधीच ठेवणार नाही.

रंगाबद्दल: व्हिटॅमिन सी पिवळं पडणं म्हणजे त्याचं ऑक्सिडेशन सुरू झालं. चहाचा रंग आला म्हणजे बराचसा माल संपला. फ्रीज हा उपाय नव्हे, फ्रीजमुळे फक्त वेळ वाढतो. शिवाय नायसिनमाइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक एकत्र आले की त्यांचा मिळून एक पिवळा कॉम्प्लेक्स होतो, तो वेगळाच. म्हणजे तुमच्या बाटलीतला पिवळा नक्की कुणाचा, हे नुसतं बघून सांगता यायचं नाही.

कोजिकवाली

मी कोजिकचा साबण विकते आणि माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या बायका आहेत. सगळेच कोजिकच्या मागे का लागतात कळत नाही. जपानमध्ये १९०७ पासून माहीत असलेला पदार्थ आहे, तांदळावरच्या बुरशीतून निघतो. नैसर्गिकच की.

क्यूसी_काका

बुरशीतून निघतो म्हणून सौम्य, असं काही नसतं, बाई. ज्यातून निघतो त्यावर काही ठरत नाही, किती टक्के आणि किती वेळ त्वचेवर राहतो त्यावर ठरतं. युरोपने २०२४ च्या नियमात चेहरा आणि हातांच्या उत्पादनांत कोजिक १ टक्क्यावर आणून ठेवलं. त्याच नियमात अल्फा आर्ब्युटिन चेहऱ्याच्या क्रीममध्ये २ टक्के आणि बॉडी लोशनमध्ये ०.५ टक्के. आपल्याकडे तो कायदा लागू नाही, पण कुणीतरी बसून विषशास्त्राची कागदपत्रं वाचून आकडा काढलाय, तो फुकट मिळतोय तर वापरावा. साबणताईंच्या यादीतलं २ टक्के कोजिक त्या हिशेबाने दुप्पट आहे.

साबणाचं म्हणाल तर तो धुऊन जातो, त्यामुळे धोका कमी आणि फायदाही कमी. साबणाचा पीएच नऊ-दहा. त्यात कोजिक किती दिवस कोजिक राहतं हे तुम्ही कधी तपासून घेतलंत का?

कोजिकवाली

नाही घेतलं. पण रंग नारिंगी झाला की बायकांना आवडतो 😄

क्यूसी_काका

तो नारिंगी बहुतेक लोखंडाचा आहे. कोजिक तांब्याला धरतं, म्हणूनच ते काम करतं: त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमच्या पोटात तांबं असतं, कोजिक ते अडवून बसतं. पण ते लोखंडालाही तितक्याच प्रेमाने धरतं आणि लाल-नारिंगी रंग देतं. कॉलेजात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून कोजिक ओळखायचे, ती हीच गंमत. धायरी, नऱ्हे, वाघोली, या पट्ट्यात टँकर आणि बोअरचं पाणी चालतं. त्या पाण्याने कोजिकची क्रीम केली तर आठवड्यात गुलाबी छटा दिसते. साधं आरओ पुरत नाही. डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या, भांडं आणि ढवळणी एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलची, आणि धातू धरून ठेवणारं डायसोडियम ईडीटीए ०.१ टक्का पहिल्या पाण्यातच. गंजकी गाळणी फेकून द्या.

त्वचावैद्य

थोडं वेगळं सांगतो. मी पुण्यात प्रॅक्टिस करतो. ओपीडीत "उजळवण्याच्या" क्रीमने बिघडलेले चेहरे बघणं हा रोजचा भाग झालाय.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा एक स्वभाव लक्षात ठेवा: तिला जळजळ झाली की ती काळवंडते. पुरळ बसलं, डाग राहिला. मेण ओढलं, डाग राहिला. क्रीमने चरचरलं, तरी डागच. म्हणजे डाग घालवायला लावलेलं जास्त टक्क्यांचं सीरम जर चरचरत असेल तर तेच नवे डाग पाडतं. गोऱ्या युरोपीय त्वचेवरचे आकडे वाचून "जास्त म्हणजे जास्त चांगलं" ठरवू नका. नायसिनमाइड ४-५ टक्क्यांना जे करतं ते १० टक्क्यांना दुप्पट होत नाही, चरचर मात्र वाढू शकते. त्याचं काम मेलॅनिन बनणं थांबवण्याचं नाहीच. बनलेल्या मेलॅनिनच्या पिशव्या वरच्या पेशींकडे जातात, ती वाहतूक ते कमी करतं. म्हणून आर्ब्युटिनसोबत जोडी चांगली जमते: एक कारखान्यात अडवतं, दुसरं गोदामाच्या दारात.

आणि सनस्क्रीन नसेल तर यातलं काहीही लावणं वाया. वांग असलेल्यांना तर नुसतं यूव्ही नव्हे, दिसणारा प्रकाशही त्रास देतो, तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन बरं पडतं. स्टॉलवर हे सांगायला पैसे पडत नाहीत.

पेठेतला

डॉक्टर, पार्लरमधल्या त्या पांढऱ्या डबीतल्या "नाइट क्रीम"बद्दल पण लिहा. लेबल नाही, बॅच नंबर नाही, आठ दिवसांत चेहरा लख्ख. आमच्या वाड्यातल्या निम्म्या बायका लावतात.

त्वचावैद्य

आठ दिवसांत लख्ख झाला म्हणजे आत तीनपैकी काहीतरी आहे: स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन किंवा पारा. कधी तिन्ही.

स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल होते, लव वाढते, आणि सोडलं की दुप्पट भडकते. २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली ती याचसाठी, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. हायड्रोक्विनोन हे औषध आहे, डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक काळच. वर्षानुवर्षं लावलं तर ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे निळसर-काळे डाग, आणि ते जवळजवळ जात नाहीत.

पाऱ्याचं सगळ्यात वाईट. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये अशा क्रीम लावणाऱ्यांना मूत्रपिंडाचे आजार झाल्याचं उघड झालं होतं, आणि आपल्या अकोल्यातल्या एका घरातल्या बायकांच्या बातम्याही त्याच सुमाराला आल्या होत्या. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्ये डोळ्यांभोवतीच्या उत्पादनांना वेगळी मर्यादा आहे. बाकी सगळ्यात पारा नकळत आलाच तर १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही. पायावर सूज आणि लघवीला फेस दिसला तर आधी क्रीम बंद आणि मग नेफ्रॉलॉजिस्ट. क्रीमची डबी सोबत न्या, फेकू नका.

उगाचच

म्हणूनच म्हणतो बेसन. माझ्या आजीला कधी नेफ्रॉलॉजिस्ट लागला नाही.

भोसरीकर_फॉर्म्युलेटर

बेसनाशी वैर नाही, पण ते बाटलीत भरून वर्षभर विकता येत नाही ना. हळदीचं कर्क्युमिन उजेडात मरतं आणि उशीचा अभ्रा पिवळा करतं. उद्योगात त्याऐवजी टेट्राहायड्रोकर्क्युमिन वापरतात, त्याला हळदीचा पिवळा रंग नसतो. आणि कृपा करून कुणी लिंबू सुचवू नका. लिंबू लावून उन्हात गेलं की काहींना भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात.

जपानचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही बघा. तिथे रोडोडेंड्रॉल नावाचा अ‍ॅक्टिव्ह सरकारी मान्यता घेऊन बाजारात आला होता. २०१३ मध्ये कानेबो कंपनीला तो असलेला सगळा माल परत बोलवावा लागला, कारण लोकांच्या चेहऱ्या-हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे आले. १९ हजारांहून जास्त लोक. टायरोसिनेज त्यालाच आपला कच्चा माल समजून पचवत होतं आणि त्यातून तयार होणारं क्विनोन रंगपेशीच मारत होतं. म्हणून पुरवठादार "नवीन मॉलिक्यूल आलंय ताई, जबरदस्त रिझल्ट" म्हणाला की मी हात मागे घेतो. छोट्या माणसाने दहा-वीस वर्षं लाखो लोकांनी लावलेलंच घ्यावं. नवं शोधायचं काम ज्यांच्याकडे लॅब, वकील आणि विमा आहे त्यांचं.

साबणवाली_धायरी

बापरे. बरं, मग व्हिटॅमिन सी पूर्ण सोडून देऊ का? बायका नाव घेऊन मागतात. डेरिव्हेटिव्ह (त्याचंच बदललेलं, जास्त टिकणारं रूप) वापरा असं एकीने सांगितलं.

भोसरीकर_फॉर्म्युलेटर

एल-अ‍ॅस्कॉर्बिक छोट्या युनिटमध्ये करू नका, हे माझं स्पष्ट मत. ते करायचं तर पीएच तीनच्या आसपास, सोबत व्हिटॅमिन ई १ टक्का आणि फेरुलिक ०.५, हवा न लागणारी भरणी, एअरलेस पंप, आणि तरीही मुदत छोटी. पंधरा-वीस टक्के आम्ल आपल्या उन्हाळ्यात चरचरतं ते वेगळंच.

डेरिव्हेटिव्हमध्ये प्रत्येकाचा स्वभाव वेगळा:

सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट आणि मॅग्नेशियमवाला भाऊ, दोघांना पीएच सातच्या जवळ हवा. आणि दोघेही क्षार आहेत, म्हणून कार्बोमर या घट्ट करणाऱ्या पावडरचा जेल क्षणात पाणी होतो. जेल फसला की लोक कार्बोमर वाढवत बसतात, ते व्यर्थ. झँथन किंवा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज घ्या.

अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड ५.५-६.५ ला आरामात राहतं, म्हणजे नायसिनमाइडच्या घरातच. इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक १-३ टक्के, पीएच थोडा खाली. तेलातलं टेट्राहेक्झाइलडेसिलवालं सुंदर आहे, पण महाग, आणि सीरमऐवजी क्रीम किंवा तेल करावं लागेल.

तुमच्यासाठी ग्लुकोसाइड. नाव पण राहतं, रंग पण. मात्र ते अ‍ॅस्कॉर्बिकइतकं जोरदार नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायची तयारी ठेवा.

रसायनप्रेमी_पाषाण

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड कुणीच काढलं नाही? २-३ टक्के, पाण्यात विरघळतं, पीएचची फार नाटकं नाहीत, रंग बदलत नाही. नावात अ‍ॅसिड असलं तरी सोलत नाही. मला स्टॅबिलिटीच्या बाबतीत ते सगळ्यात सज्जन वाटतं.

भोसरीकर_फॉर्म्युलेटर

खरंय, राहून गेलं. फिनाइलइथाइल रिसॉर्सिनॉलचं मात्र कुणी नाव काढू नका, उजेडात गुलाबी होतं आणि पाण्यात विरघळवायलाच अर्धा दिवस. ग्लॅब्रिडिन, म्हणजे ज्येष्ठमधातलं खरं काम करणारं, तेही पाण्यात जात नाही. पाण्यातला "ज्येष्ठमध अर्क" ०.१ टक्का टाकून लेबलवर झाडाचं चित्र छापणं ही फसवणूक नाही म्हणतात, मी म्हणतो.

पेठेतला

बोहरी आळीत बाटल्यांसाठी फिरताना एकाने सुट्टी आर्ब्युटिनची पुडी दाखवली. निम्म्या भावात. पावती "पावडर" म्हणून.

क्यूसी_काका

ती पुडी तिथेच ठेवा. अल्फा महाग, बीटा स्वस्त, आणि दोन्ही पांढऱ्या पावडरी, डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पण एक सोपी चाचणी आहे. पोलॅरिमीटर कुठल्याही फार्मसी कॉलेजात असतो. अल्फा आर्ब्युटिनचं द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवतं, विशिष्ट वळण साधारण अधिक १८०. बीटा डावीकडे, उणे साठ-पासष्टच्या आसपास. अल्फामध्ये बीटा मिसळला की आकडा सरळ खाली येतो, लपतच नाही. सीओएवर (पुरवठादाराच्या तपासणी-प्रमाणपत्रावर) हा आकडा आणि हायड्रोक्विनोनचा अवशेष, दोन्ही लिहिलेले नसतील तर माल परत. सीओएवरचा बॅच नंबर आणि पिशवीवरचा बॅच नंबर जुळतो का तेही बघा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण न जुळणारेच जास्त सापडतात.

आता टिकण्याचं. साबणताई, तुम्ही खिडकीत बाटली ठेवलीत ते उत्तम केलंत, युनिटने करायचं काम तुम्ही केलंत. आता तेच पद्धतीने करा. विकायच्या बाटलीतच भरा, काचेच्या बीकरमध्ये नाही. एक फ्रीजमध्ये, एक कपाटात, एक खिडकीत, आणि एक ४०-४५ अंशांच्या ओव्हनमध्ये. पीएच, रंग, वास, जाडी दर पंधरवड्याला वहीत, किमान तीन महिने. फ्रीजमधली तुमची मूळ प्रत, बाकीच्या तिच्याशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून बघायच्या. पीएच अर्ध्या अंकाहून (०.५) जास्त सरकला तर आत काहीतरी फुटतंय, रंग बदलला नसला तरी. सुरुवातीला आणि शेवटी अ‍ॅक्टिव्हचं प्रमाण एचपीएलसीवर (घटक मोजणारं लॅबचं यंत्र) काढून घ्या. शेवटी ९० टक्क्यांच्या खाली आलं तर ती मुदत छापायची नाही.

भोसरीत ओव्हन असेल तर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते का ते विचारून ठेवा. लाइट गेली की तापमान पडतं आणि वहीत मात्र सलग ४५ लिहिलेलं असतं. आणि ४५ कशाला असं म्हणू नका. एप्रिलमध्ये अकोला-नागपूरला जाणारं कुरिअर दुपारी कुठे उभं असतं त्याचा विचार करा.

प्रिझर्व्हेटिव्हची चॅलेंज टेस्ट (मुद्दाम जंतू घालून ते मरतात का बघणं) वेगळी. तिला पर्याय नाही.

लायसन्सवाला

कागदाचं दोन ओळीत. घरच्या ओट्यावर करून विकणं बेकायदा आहे, कितीही स्वच्छ केलंत तरी. युनिटचं लायसन्स फॉर्म सीओएस-८ वर असतं, त्यांच्या जागेत तुमच्या नावाने करायचं तर लोन लायसन्स सीओएस-९. दोन्ही राज्याच्या एफडीएकडून. प्रत बघायला मागा, "आहे हो" वर समाधान मानू नका. कच्च्या मालासाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) आयएस ४७०७ भाग २ बघा, त्यात काय वर्ज्य ते आहे. आणि लेबलवर "वांग बरा होतो" लिहिलंत की ते कॉस्मेटिक राहत नाही, औषध होतं. "तजेलदार दिसते" इथवर थांबा. त्वचेच्या रंगावरून कुणाला कमी लेखणारी जाहिरात नको, यावर जाहिरातवाल्यांच्या एएससीआयचे २०१४ पासून नियम आहेत.

साबणवाली_धायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल युनिटवाल्यांशी बसले. ते नाराज आहेत, "एवढं कमी टाकलं तर चालणार कसं" म्हणतात, पण तयार झाले. तीन महिन्यांचं ऐकल्यावर दिवाळी सोडली. नवीन कागद असा:

डीएम पाणी, ग्लिसरीन ४ टक्के, नायसिनमाइड ४, ट्रॅनेक्सॅमिक २, अल्फा आर्ब्युटिन १, झँथन ०.३, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून फिनॉक्सीइथेनॉल ०.९ इथाइलहेक्झाइलग्लिसरीनसोबत. पीएच ५.५. व्हिटॅमिन सी या बाटलीत नाही, पुढच्या वर्षी वेगळं बघू. पांढरी अपारदर्शक बाटली. एअरलेसचा एमओक्यू (किमान ऑर्डर) परवडत नाही.

भोसरीकर_फॉर्म्युलेटर

हे चालेल. या तिघांना एअरलेसची गरजच नाही, साधा लोशन पंप घ्या. फक्त ड्रॉपर नको, बायका काचेची नळी गालाला टेकवतात आणि परत आत बुडवतात.

क्यूसी_काका

ईडीटीए विसरलात. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, नाहीतर गुठळ्या. आर्ब्युटिन सगळ्यात शेवटी, गार झाल्यावर. पीएच सायट्रिकच्या १० टक्के द्रावणाने थेंबथेंब खाली आणा आणि त्याआधी मीटर ४ आणि ७ च्या ताज्या बफरवर लावून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, रात्रीत थोडा सरकतो. तो दुसऱ्या दिवशीचा आकडा इथे टाका, मग ओव्हनला लावायचं बघू.